नाताळचं ताट: घरच्या खाऊचा हॅम्पर कसा करावा

गोव्यात नाताळच्या दिवसांत शेजारीपाजारी गोड पदार्थांचं ताट जातं. त्याला कोन्सुआद म्हणतात, काही घरांत कुस्वाद. शब्द मूळचा पोर्तुगीज. तिकडे त्याचा अर्थ नाताळच्या आदल्या रात्रीचं जेवण. आपल्याकडे येऊन तो जेवण सोडून ताटाला चिकटला. क्रोशाच्या रुमालाने झाकलेल्या त्या ताटात नेवऱ्या, कुलकुल, दोस, दोदोल, पेराद, बोलिन्हा आणि एखादा केकचा तुकडा असतो. आज बाजारात ज्याला गिफ्ट हॅम्पर म्हणतात तो आपल्या आज्यांनी केव्हाच केलेला आहे. फक्त त्यावर चकचकीत रिबन नव्हती.

यंदा आपल्यापैकी बरेच जण घरीच हॅम्पर करायचं म्हणताहेत. चांगली गोष्ट आहे. पण घरी खाण्यासाठी करणं वेगळं आणि दुसऱ्याला देण्यासाठी करणं वेगळं. दिलेला खाऊ कधी उघडला जाईल, कुठे ठेवला जाईल, कोण खाईल, हे आपल्या हातात नसतं. म्हणून पदार्थ चविष्ट होणं एवढ्यावर भागत नाही, तो टिकला पाहिजे. आणि टिकणं हे बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर ठरतं: पदार्थात पाणी किती राहिलं.

पाण्याचा हिशोब

बुरशी आणि जंतूंना वाढायला पाणी लागतं. ते दोन तऱ्हांनी कमी करता येतं. एक, तळून किंवा भाजून पाणी उडवायचं. दुसरं, भरपूर साखर घालून पाणी बांधून ठेवायचं. मग पाणी असूनही जंतूंच्या उपयोगाचं राहत नाही. कुलकुल, शंकरपाळे, चकली पहिल्या प्रकारात येतात, पेराद दुसऱ्या प्रकारात. दोदोल आणि बेबिंका यांत नारळाचं दूध असतं आणि ओलावाही राहतो, म्हणून ते लवकर संपवायचे पदार्थ. नेवऱ्यांचं सारणावर अवलंबून आहे. खवलेला ओला नारळ नीट कोरडा परतला नसेल तर चार दिवसांत वास येतो. सुकं खोबरं, रवा, तीळ आणि काजू यांचं सारण जास्त दिवस राहतं.

तळताना आच मंद ठेवा. मोठ्या आचेवर कुलकुल बाहेरून लाल होतात, आतून ओलसरच राहतात आणि दोन दिवसांत मऊ पडतात.

पेराद: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

हॅम्परसाठी एकच पदार्थ निवडायचा असेल तर पेराद निवडा. डिसेंबरात पेरू मिळतात, खर्च कमी येतो आणि पदार्थ खूप दिवस टिकतो.

पिकलेले पण घट्ट पेरू चिरून थोड्या पाण्यात मऊ शिजवा आणि चाळणीतून गाळा, म्हणजे बिया वर राहतील. गर वजन करून घ्या. 1 किलो गराला 750 ग्रॅम ते 1 किलो साखर आणि दोन लिंबांचा रस पुरे. जाड बुडाच्या भांड्यात मध्यम आचेवर ढवळत राहा. गर उडतो आणि चांगलाच भाजतो, म्हणून डाव लांब दांड्याचा घ्या. कडा सुटू लागल्या, आणि थंड पाण्यात टाकलेल्या थेंबाची गोळी वळता आली, की झालं. शेवटी चमचाभर लोणी घालून तूप लावलेल्या ताटात थापा. वड्या दुसऱ्या दिवशी कापा.

हे घट्ट का होतं? पेरूत पेक्टिन असतं. लिंबाचा आंबटपणा आणि साखर मिळाली की त्याची जाळी तयार होते. म्हणून लिंबू नुसतं चवीपुरतं आहे असं समजून वगळू नका.

24 तारखेपासून मागे मोजा

सगळं शेवटच्या दोन दिवसांवर टाकलं की घरात भांडणं होतात. त्यापेक्षा असं करता येईल:

डिसेंबरचा पहिला आठवडा: पेराद. केकसाठी सुका मेवा रममध्ये भिजवायचा असेल तर तोही आत्ताच, किंवा त्याआधी.
दुसरा आठवडा: रमचा केक. मेवा संत्र्याच्या रसात भिजवणार असाल तर तो फ्रिजमध्ये ठेवा, एक-दोन दिवसांतच वापरा, आणि तो केक 22 तारखेच्या आसपास करा; रसाला रमसारखा टिकाऊपणा नसतो.
18 ते 20: कुलकुल, शंकरपाळे, चकली. कुलकुल वळायला चार हात लागतात. काट्याच्या पाठीवर किंवा नव्या, स्वच्छ फणीवर वळा.
21 आणि 22: नेवऱ्या, चणाडाळीचे दोस, बोलिन्हा.
23: दोदोल. घरात बेबिंका करणारं कोणी असेल तर तीही. 2023 मध्ये गोव्याच्या बेबिंकेला भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनामुळे मेहनत कमी झालेली नाही. एकेक थर भाजायचा म्हणजे निम्मा दिवस जातो. हॅम्परमध्ये तिची एक फोड पुरे.
24: भरणं आणि वाटणं.

भरताना

पदार्थ पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावू नका. गरम केक डब्यात बंद केला की वाफेचं पाणी झाकणावर जमतं, खाली ठिबकतं आणि तिथूनच बुरशी सुरू होते. कुरकुरीत आणि ओलसर पदार्थ शेजारी ठेवू नका. दोदोलच्या संगतीत कुलकुल नरम होतात. दोघांना वेगळ्या डब्या द्या, मध्ये बटर पेपर घाला. वर्तमानपत्रात काहीही गुंडाळू नका, छपाईची शाई खाऊला लागते. काचेच्या बरण्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून पूर्ण वाळवून घ्या.

एक गोष्ट मात्र टाळाच. तेलात बुडवलेल्या कच्च्या लसणाची सुंदर बाटली सध्या बऱ्याच जणांना भेट द्यावीशी वाटते. तेलाखाली हवा पोचत नाही, आणि अशाच जागी बोटुलिझमचे जंतू विष तयार करतात. त्याला ना वास येतो, ना रंग बदलतो. तिखटच द्यायचं असेल तर भरपूर व्हिनेगरचं लोणचं द्या.

चिठ्ठी लिहाच

आपल्या वर्गात अंडं न खाणारे आहेत, दारूचा थेंब न चालणारे आहेत, काजू-शेंगदाण्याने अंगावर गांधी उठणारेही आहेत. संकोचाने कोणी विचारत नाही. म्हणून प्रत्येक डबीवर लिहा: यात काय काय आहे, अंडं किंवा रम आहे का, कधी केलं, कधीपर्यंत संपवायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं का. पाहुण्याच्या विश्वासावर त्याला नको ते खायला घालण्यापेक्षा चार ओळी लिहिलेल्या बऱ्या. मधुमेह असलेल्या आजोबांच्या घरी गोड कमी आणि चिवडा-चकली जास्त द्या. विकायचा विचार असेल तर घरगुती व्यवसायालाही अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते, हेही लक्षात असू द्या.

ताट कोणाकडे जातं?

नेवरी चवथीला हिंदू घरातून शेजारी जाते आणि नाताळला ख्रिस्ती घरातून परत येते. महाराष्ट्रातल्या मराठी ख्रिस्ती घरांत तर नाताळला करंज्या, शंकरपाळे, चकल्या असा सगळा फराळच होतो. त्यामुळे अमुक पदार्थ आमचा, तमुक तुमचा, हा वाद स्वयंपाकघरात फार टिकत नाही.

तेव्हा यादी करताना आपल्याला ज्यांच्याकडून परत भेट येणार त्यांच्यापासून सुरुवात करू नका. सुट्टीत गावी जाऊ न शकलेली वसतिगृहातली मुलं, मुलं परदेशी असलेले म्हातारे शेजारी, वर्षभरात कोणी गेल्यामुळे यंदा गोडधोड न करणारं घर, कॉलेजचा रात्रपाळीचा वॉचमन, ही नावं आधी लिहा. मग हॅम्पर दहा होतात की पाच, याला महत्त्व राहत नाही.

आणि शक्य असेल तर टोपलीऐवजी घरातला स्टीलचा डबाच द्या. टोपली तिथेच राहते. डबा परत करावा लागतो, आणि आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत.