पेठहून खारघर : पहिल्या भेटीआधी

4 जून 2021 रोजी टाटा स्मारक केंद्राच्या खारघर इथल्या 'अ‍ॅक्ट्रेक' या कर्करोग केंद्रात भारतात घडवलेल्या कार-टी पेशी पहिल्यांदा रुग्णाच्या शिरेत सोडल्या गेल्या. आयआयटी मुंबईचे राहुल पुरवार आणि टाटाचे डॉक्टर यांच्या कामाला ऑक्टोबर 2023मध्ये सरकारी परवानगी मिळाली आणि एप्रिल 2024मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी 'नेक्सकार-19' या उपचाराचं लोकार्पण केलं. अमेरिकेत 2017 साली आलेल्या अशा पहिल्या औषधाची किंमत 4,75,000 डॉलर होती. आपलं त्याच्या दशांशाच्या आसपास. तरीही हे लाखांतलं काम. भात काढून झाला की द्राक्षबागांत मजुरीला जाणाऱ्या नाशिक जिल्ह्यातल्या पेठच्या माणसाला हा आकडा सांगायलाही जीभ रेटत नाही.

म्हणूनच खारघरची पहिली भेट वाया जाता कामा नये.

हा कार-टी उपचार सगळ्या कर्करोगांवर नाही. बी-पेशींचा लिम्फोमा किंवा ल्युकेमिया उलटला, किंवा औषधांना दाद देईनासा झाला, तर त्याचा विचार होतो. रुग्णाच्याच टी-पेशी काढून त्यांत नवं जनुक घालतात. मग त्या सीडी-19 हे चिन्ह असलेल्या पेशी हेरून मारतात. त्यामुळे आधीच्या सगळ्या तपासण्या तीनच गोष्टी विचारतात : गाठीवर ते चिन्ह आहे का, रक्तात पुरेशा टी-पेशी उरल्यात का, आणि शरीर पुढचा तडाखा सोसेल का. बायोप्सी, पेट-सीटी, अस्थिमज्जा, हृदयाचा इको, मूत्रपिंड-यकृताची रक्ततपासणी, कावीळ बी-सी, एचआयव्ही, क्षयरोग हे सारं त्यासाठी.

बायोप्सीचा नुसता कागद पुरत नाही. मेणातला ब्लॉक आणि काचपट्ट्या लागतात, आणि त्या बहुधा नाशिकच्या प्रयोगशाळेतच पडून असतात. सावळघाट ओलांडून नाशिकला जाल तेव्हा त्या मागून घ्या. प्रत्येक केमोची तारीख आणि औषधांची नावं असलेली डिस्चार्ज कार्डं एकाच पिशवीत ठेवा. सिकलसेलचं कार्ड असेल तर तेही. आपल्या आदिवासी पट्ट्यात तो आजार घरोघरी विचारावा असा आहे. भगताकडची जडीबुटी चालू असेल तर न लाजता सांगा. स्टेरॉइड चालू असेल तर आवर्जून, कारण त्याने टी-पेशी घटतात. मात्र आपल्या मनाने ते बंद करू नका. मूल हवं असेल तर तो प्रश्न उपचाराआधीच काढा.

सोबत येणारा माणूस पक्का हवा. पेशी दिल्यावर जोराचा ताप येऊ शकतो, रक्तदाब उतरू शकतो, कधी बोलणं अडखळतं. म्हणून साधारण महिनाभर रुग्णालयाजवळ राहावं लागतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं संरक्षण कुटुंबाला वर्षाकाठी 5 लाखांपर्यंतचं, तेव्हा उरलेल्या पैशांचं बोलणं पहिल्याच दिवशी समाजसेवकांशी करा. शिधापत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला घेऊनच निघा.

2025 साली 'लॅन्सेट हिमॅटॉलॉजी'त याच उपचाराचा 64 रुग्णांचा अभ्यास छापून आला. परिणाम मोजता आलेल्यांपैकी 73 टक्के रुग्णांत आजार हटला किंवा आटला. सगळ्यांत नाही, हेही घरच्यांना आधीच कळायला हवं.

पेठच्या डॉक्टरांना एकच विनंती : गाठ पुन्हा दिसली की आणखी एका केमोची वाट न पाहता त्याच आठवड्यात कर्करोगतज्ज्ञांना फोन करा.