'एका वर्षात नर्स'

गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक शेतकरी गृहस्थ आपल्या कन्येसह आमच्या भेटीस आले. मुलगी बारावी उत्तीर्ण झालेली, आजीच्या दुखण्यात रात्र रात्र उशाशी जागलेली. वडिलांच्या हाती एक छापील पत्रक होते. त्यावर 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव व त्याखाली 'एका वर्षात नर्स' असे आश्वासन. "फादर, अमेरिकेत मुली अशाच कॉलेजात शिकून नर्स होतात म्हणे," ते म्हणाले. फीसाठी घरधनिणीच्या पाटल्या सोमवारी गहाण पडावयाच्या होत्या.

अमेरिकेविषयीचे त्यांचे बोलणे अगदीच खोटे नव्हते. तेथील या धर्तीचे जुने सरकारी कॉलेज इलिनॉय राज्यात जोलिएट येथे १९०१ साली निघाले. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशात परिचारिकांची फार टंचाई पडली. तोवर बहुतेक मुली इस्पितळाच्या शाळेत तीन वर्षे शिकत. शिकत कसल्या, पुष्कळदा वॉर्डातील कामाचा भारच वाहत. १९५२ साली मिल्ड्रेड मॉन्टॅग या विदुषीने निवडक कॉलेजांत निराळा प्रयोग आरंभिला. विद्यार्थिनी कॉलेजचीच राहावी, इस्पितळाची मोलकरीण होऊ नये. शरीरशास्त्र, जंतुशास्त्र आदी विषय वर्गात शिकावेत व रुग्णसेवेचे धडे आपल्याच शिक्षिकेच्या देखरेखीखाली घ्यावेत, अशी ती योजना होती. सुमारे दोन वर्षांत शिक्षण पुरे होई. ती पद्धत तेथे रुजली. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी : दोन वर्षे शिकलेली असो वा चार वर्षे, नोंदणीकृत परिचारिका होण्यास परवान्याची परीक्षा दोघींना एकच द्यावी लागते.

आपल्या देशातही कम्युनिटी कॉलेजे आहेत. मद्रास-मैलापूर महाधर्मप्रांताने १९९६ साली चेन्नईत असे कॉलेज काढले, हे आपल्या ख्रिस्तसभेस भूषणावहच होय. गरिबाघरच्या मुलांना हातचे काम शिकवून पोटापाण्यास लावावे, हा अशा कॉलेजांचा हेतू. तेथे रुग्णसाहाय्यकाचे काम शिकलेली मुलगी आजाऱ्याला न्हाऊमाखू घालील, अंथरुणात कुशीवर वळवील, ताप मोजील. या कामास आम्ही मुळीच हलके लेखीत नाही. परंतु ती नर्स नव्हे. त्यासाठी आपल्याकडे ए. एन. एम. ची दोन, जी. एन. एम. ची तीन किंवा बी. एस्सी. नर्सिंगची चार वर्षे हवीत आणि राज्याच्या नर्सिंग कौन्सिलात नोंदणी हवी.

हे आम्ही इतक्या आग्रहाने सांगतो, त्यास कारण आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका दाखल्यावर आम्ही स्वतः एका मुलीस शिफारसपत्र दिले होते. कौन्सिलाची मान्यता आहे काय, एवढे विचारण्याचेही आम्हांस सुचले नाही. नोंदणी मिळाली नाही. वर्ष गेले, पैसाही गेला. तिची आई आजही मिस्सेस येते; आम्हांस काही बोलत नाही.

गृहस्थांनी पत्रकाची घडी करून खिशात घातली. मुलीने मात्र विचारले, "फादर, तीन वर्षांच्या शिक्षणाचे अर्ज केव्हा निघतात?" तीन वर्षांना पाटल्या पुरणार नाहीत, हे बापलेक दोघांनाही ठाऊक होते. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सभेच्या येत्या बैठकीत आम्ही हा विषय मांडणार आहोत.