नाशिकची वाइन : एका मुलखाचा परिचय

कोकणातल्या बिरवाडीच्या परिसरात द्राक्षाचा मांडव घालण्याचे कोणी मनात आणलेच, तर आषाढातला पाऊस त्याला त्या मनसुब्यापासून परावृत्त केल्याशिवाय राहणार नाही. महाड-पोलादपूरच्या या पट्ट्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि ओल्या पानांवर पसरणारा केवडा हा रोग तर द्राक्षवेलीचा हाडवैरी. सह्याद्री ओलांडला की मात्र हेच मेघ हात आखडता घेतात. दिंडोरी-निफाडच्या मुलखात, समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर, वेल सुखाने नांदते. तेथील वाइनला २०१० साली 'नाशिक व्हॅली वाइन' या नावाने भौगोलिक मानांकनाची सनद मिळाली.

अशा सनदेचे जुने उदाहरण पाहायचे तर टस्कनीतील सान जिमिन्यानो या मनोरे असलेल्या छोट्याशा गावाचे पाहावे. १९६३ च्या इटालियन कायद्यान्वये १९६६ साली तेथील 'वर्नाच्चा' या पांढऱ्या वाइनला गावाच्या हद्दीसह संरक्षण मिळाले. तेथे गाव आणि द्राक्षाची जात एकाच नावात नांदतात.

नाशिकचे वैशिष्ट्य मातीपेक्षाही ऋतुचक्रात आहे, असे माझे मत आहे. टस्कनीतल्या वेलीला हिवाळा सक्तीची विश्रांती देतो आणि तिचे घड सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरतात. नाशिकच्या वेलीला अशी झोप आपणहून लागत नाही, म्हणून तिचे वर्ष बागायतदार कात्रीने आखतो. एप्रिलच्या सुमारास 'खरड छाटणी' होते, उन्हाळ्यात नवी काडी वाढून तिच्या डोळ्यांत पुढच्या घडांचे बीजरूप तयार होते, आणि पाऊस ओसरू लागला की 'गोडी छाटणी' करून ते घड बाहेर काढले जातात. त्यामुळे फळ भरते ते थंडीत. निफाडचा पारा कधी कधी पाच अंशांखालीही उतरतो. दिवसाच्या उन्हाने साखर वाढते आणि रात्रीच्या गारव्याने आंबटपणा टिकतो. फेब्रुवारी-मार्चात ऊन तापू लागले की हा तोल भराभर ढळतो, म्हणून तोडणी भल्या पहाटे उरकावी लागते.

सुला या कंपनीने २००० साली बाजारात आणलेल्या पहिल्या वाइन चेनिन ब्लँक आणि सॉव्हिन्यॉन ब्लँक या फ्रेंच जातींच्या होत्या. चेनिन येथे किंचित गोडसर, फेसाळ आणि उशिरा तोडलेल्या फळांची अतिगोड अशी तिन्ही रूपे घेते. तांबड्यांत शिराझ उष्णता सोसते आणि तिला मिऱ्यासारखा झणका असतो. इटालियन जात पाहायची, तर सोलापूर जिल्ह्यातील अकलूजला जावे. तेथे फ्रातेल्ली या वाइन कंपनीच्या मळ्यांत टस्कनीचे वाइनतज्ज्ञ पिएरो मासी यांच्या देखरेखीखाली सांजोव्हेसे रुजली आहे.

नाशिकच्या सनदेबाबत मात्र माझी एक तक्रार आहे. तिचा मुलूख फार विस्तीर्ण आहे. गंगापूर धरणाकाठचा मळा आणि निफाडची काळी जमीन एकाच नावाखाली येतात, आणि कोणतीही एक जात नाशिकशी अजून एकजीव झालेली नाही. शिवाय जिल्ह्यातील बहुतेक बागा खाण्याच्या द्राक्षांच्याच आहेत. २००८ नंतरच्या मंदीत वाइन कारखान्यांची मागणी आटली, तेव्हा कित्येक शेतकऱ्यांनी वाइनच्या वेली उपटून पुन्हा थॉमसनसारख्या जाती लावल्या. चांगल्या वाइनला जुनी वेल लागते, आणि जुनी वेल राखायला शेतकऱ्याला खरेदीचा दीर्घ मुदतीचा करार लागतो.