गिऱ्हाईक आलं की जनावर टिकतं

कोकणात रानडुकरांचा विषय निघाला की हल्ली एक सूचना हटकून कानावर येते. परदेशात लोक लाखो रुपये मोजून शिकारीच्या सहलीला जातात, मग आपल्याकडची डुकरं मारायला त्यांनाच का बोलावू नये? वाडीतली पोरं वाटाडे होतील, हाकारे घालतील, न्याहारी-निवासाच्या खोल्या भरतील आणि शेतकऱ्याचं भातही वाचेल. मंडणगडपासून राजापूरपर्यंत ज्याने कापणीला आलेलं भात आणि लावलेलं सुरण एका रात्रीत उकरलेलं पाहिलंय, तो ही सूचना हसण्यावारी नेणार नाही, आणि नेऊही नये. पण ज्या परदेशी उदाहरणावर ती उभी आहे ते जवळून पाहिलं, तर त्यातून निघतं ते नेमकं उलटं.

ते उदाहरण बहुधा अस्वलाचं असतं. अलास्कात तपकिरी अस्वलाची शिकार करायची तर बाहेरच्या माणसाला, मग तो अमेरिकेच्याच दुसऱ्या राज्यातला का असेना, परवानाधारक मार्गदर्शक घ्यावा लागतो; अमेरिकी नागरिकाला तिथे राहणारा जवळचा नातेवाईक सोबत असला तरी चालतं. अलास्कातल्याच कोडियाक बेटांवर सुमारे ३,५०० अस्वलं आहेत. तिथले परवाने मोजके असतात, त्यांची सोडत निघते आणि वर्षाला साधारण १८० अस्वलं मारली जातात, त्यांत नरच जास्त. पिल्लांना आणि पिल्लंवाल्या मादीला हात लावायचा नाही. शिकार झाली की कातडं आणि कवटी सरकारी माणसाला दाखवून त्यावर शिक्का घ्यायचा. एवढा काटेकोरपणा लागतो कारण अस्वलाची वाढ अतिशय संथ आहे. मादी चार-पाच वर्षांची झाल्यावर वयात येते आणि पुढे तीन-चार वर्षांतून एकदा दोन-तीन पिल्लं देते. चार माद्या जास्त गेल्या तर हिशेब कित्येक वर्षं सावरत नाही. कॅनडाच्या नुनावुतमध्ये ध्रुवीय अस्वलांचा कोटा इनुइट वस्त्यांना मिळतो आणि त्यातले किती परवाने बाहेरच्या शिकाऱ्याला विकायचे ते वस्तीच ठरवते. अशा शिकारीला जायचं ते कुत्र्यांच्या घसरगाडीनेच, यंत्राच्या गाडीने नाही. या साऱ्या व्यवस्थेचा हेतू एकच आहे: पुढच्या वर्षीही अस्वल असलं पाहिजे. मार्गदर्शकाचं पोट अस्वल उरण्यावर चालतं, म्हणून तोच त्याचा राखणदार होतो. पाकिस्तानात मारखोर या रानबकऱ्याच्या शिकारीच्या शुल्कातले ८० टक्के गावाला देतात. ज्या डोंगरांत हे नीट चाललं तिथे मारखोर वाढले.

यावर कुणी म्हणेल, असल्या सहली आपल्याकडेही होत्या, मग वाघ का नाही टिकला? प्रश्न रास्त आहे. विद्याचरण शुक्ल राजकारणात येण्याआधी नागपुरात ‘ऑल्विन कूपर’ नावाची कंपनी चालवत. परदेशी पाहुण्यांना मध्य भारतातल्या जंगलांत शिकारीला नेणं हा तिचा धंदा होता. वनखात्याकडून शिकारीचा ब्लॉक ठरावीक दिवसांसाठी मिळे, मचाण बांधलं जाई, रेडकू बांधलं जाई, हाका होई. पण ब्लॉकमध्ये वाघ किती, हे कुणी मोजलेलं नव्हतं. जंगल कंपनीचं नव्हतं आणि गावाचंही नव्हतं, त्यामुळे उद्याची काळजी करण्यात कुणाचाच फायदा नव्हता. वाघाच्या शिकारीवर बंदी आली १९७० च्या सुमाराला. देशभर पहिली गणना झाली १९७२ मध्ये आणि आकडा निघाला १,८२७. म्हणजे मोजणी सुरू झाली ती बंदुका थांबल्यावर. वाघ घटण्याला जंगलतोड आणि कातड्यांचा व्यापार हीसुद्धा कारणं होती, सगळा दोष सहलींच्या माथी मारता येणार नाही. पण मोजणी आणि मालकी नसली की शिकारीचा पैसा जनावर राखत नाही, एवढं यातून नक्की कळतं.

आता हेच माप डुकराला लावून पाहा. मोजणी चोख ठेवली, पैसा गावात राहिला, सगळं कोडियाकसारखं घडलं, तर काय होईल? डुकरं टिकतील! ज्याच्या खोल्या डुकरामुळे भरतात तो डुकरं संपू देणार नाही. कोकणातल्याच वेळासच्या किनाऱ्यावर कासवांचं असंच झालं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये तिथे घरटी राखायला सुरुवात केली, पुढे कासव महोत्सवाने गावात पाहुणे आणले आणि ज्या गावात अंडी उकरली जात तेच गाव अंडी जपू लागलं. कासवाच्या बाबतीत आपल्याला हेच हवं होतं. डुकराच्या बाबतीत ते नको आहे. हा नुसता तर्क नाही. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने १९९९ मध्ये रानडुकरांची शिकार राज्यभर खुली केली. त्याआधी डुकरं मोजक्या काउंट्यांत होती, २०११ पर्यंत ती ९५ पैकी जवळजवळ ८० काउंट्यांत पोचली. शिकारीची हौस भागावी म्हणून लोकांनीच ती नव्या भागांत नेऊन सोडली होती. शेवटी सरकारने हौशी शिकार बंद केली आणि डुकरं कमी करण्याचं काम जमीनमालकांवर व आपल्या खात्यावर सोपवलं. तिथलं डुक्कर बाहेरून आणलेलं, आपलं मूळचं इथलंच, हा फरक खरा. पण फरक आहे तो जनावरात. धंद्याचं गणित दोन्हीकडे एकच आहे. त्यात डुकरीण वर्षा-दीड वर्षात वयात येते आणि एका वेताला चार-सहा पिल्लं देते. मोठ्या सुळ्याचा एक नर मारून फोटो काढणाऱ्या पाहुण्यामुळे त्या कळपाला काय फरक पडणार?

प्राणिप्रेमी म्हणतील, मग मारूच नका. हेही पटत नाही. कायदेशीर वाट बिकट असली की फासक्या लागतात, आणि फासकी डुक्कर की बिबट्या ते पाहत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात डुकरांसाठी लावलेल्या तारेत बिबट्या अडकल्याच्या बातम्या वरचेवर येतात. त्यातली विसंगती अशी की बिबट्या स्वतः डुकराची पिल्लं खाणारा. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ११ व्या कलमात पिकांची नासधूस करणाऱ्या जनावराला मारण्याची परवानगी देता येते. केंद्राने २०१६ मध्ये उत्तराखंडात रानडुक्कर काही काळासाठी उपद्रवी जाहीर केलं होतं. केरळने २०२२ मध्ये हा अधिकार पंचायतीच्या पातळीवर आणला. म्हणजे बंदूक चालवायला कायद्यात जागा आहे. फक्त ती चालवणारा माणूस असा हवा, ज्याचा फायदा डुकरं कमी होण्यात आहे.

असा माणूस इथे आधीपासून आहे. गावोगावी शेतीसंरक्षणाच्या परवान्याच्या बंदुका आहेत, आणि कुठल्या पाणंदीतून कळप उतरतो हे त्या बंदुकवाल्याला कोणत्याही पाहुण्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्याची अडचण अगदी साधी आहे. निवडणूक लागली की त्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा होते. २०२४ मध्ये विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, म्हणजे भातकापणीच्या ऐन हंगामात. बंदूक कुणाची जमा करायची आणि कुणाला सूट द्यायची हे जिल्ह्याची छाननी समिती ठरवते. पिकाचे दिवस पाहून ही सूट आधीच देऊन ठेवायला समितीला नवा कायदा लागत नाही आणि अलास्काचा पाहुणाही लागत नाही.