चित्र आले, आवाज कुठे गेला?

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीला लागणारे पहिले स्थानक म्हणजे शहाड. उल्हास नदीकाठच्या या भागात आणि आसपासच्या आगरी वस्त्यांत लग्नाच्या, हळदीच्या, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या व्हिडिओ सीडी अजून कपाटांत जपलेल्या आढळतात. आगरी लग्नात धवलारीण धवले गाते. हे धवले एका पिढीकडून दुसरीकडे तोंडीच आले. जी धवलारीण आज हयात नाही, तिचा आवाज कदाचित अशा एखाद्या तबकडीवरच उरलेला असेल. संगणकावर लिहिलेल्या तबकडीतील रंगद्रव्य काळानुसार खराब होते, म्हणून तिची नक्कल वेळीच करायला हवी. पण नक्कल केल्यावर पुष्कळदा चित्र दिसते आणि आवाज मात्र येत नाही. असे का व्हावे?

व्हिडिओ सीडीचे मानक १९९३ मध्ये ठरले. आपल्याकडील तबकडीवर सेकंदाला २५ चित्रे असतात आणि प्रत्येक चित्र ३५२ × २८८ ठिपक्यांचे असते. आवाज मात्र सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला असतो. या प्रत्येक मोजणीला आपण नमुना म्हणू. माणसाला साधारणपणे २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो आणि त्याची नोंद करायला दुपटीहून अधिक नमुने लागतात. पण नेमके ४४,१००च का? सुरुवातीच्या काळात अंकीय ध्वनी व्हिडिओ टेपवर साठवत. सेकंदाला ५० क्षेत्रे, प्रत्येक क्षेत्रात २९४ उपयोगी रेषा आणि प्रत्येक रेषेवर ३ नमुने. विद्यार्थ्यांनी हा गुणाकार करून पाहावा.

१९९६ मध्ये आलेल्या डीव्हीडीने मात्र ४८,००० हा दर स्वीकारला. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे असतात. ४८,०००ला २४ने भागले की प्रत्येक चित्राच्या वाट्याला बरोबर २,००० नमुने येतात. ४४,१००ला भागले तर १,८३७.५ येतात. व्हिडिओ सीडीचे चित्र डीव्हीडीच्या नियमांत जसेच्या तसे बसते, आवाज बसत नाही. म्हणून चित्र चालते आणि प्लेअर मुका राहतो.

समजा, जुने नमुने तसेच ठेवून ते नव्या दराने वाजवले, तर काय होईल? तासाभराचा आवाज ५५ मिनिटे साडेसात सेकंदांत संपेल. शिवाय स्वर चढेल. पांढरी एकमधले गाणे काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्येच कुठेतरी जाईल. ती धवलारीण आपल्याला ओळखूच येणार नाही.

उपाय असा, की जुन्या नमुन्यांवरून मूळ लहर मनात रेखायची आणि तिच्यावर नव्या अंतराने नमुने घ्यायचे. ४४,१०० : ४८,००० म्हणजेच १४७ : १६०. जेवढ्या वेळात जुने १४७ नमुने होते, तेवढ्याच वेळात आता १६० घ्यायचे. वर्गात हे आलेख-कागदावर दाखवता येते. १३२ मिलिमीटर लांबीच्या रेषेवर एक नागमोडी लहर काढा. दर १२ मिलिमीटरवर तिची उंची मोजा; हे ११ भाग जुने. मग त्याच लहरीवर दर ११ मिलिमीटरवर उंची वाचा; हे १२ भाग नवे. लहर तीच राहते. आता मुद्दाम चूक करू या. जुन्याच उंच्या ११ मिलिमीटर अंतराने मांडा. लहर आखूड झालेली दिसेल. आखूड लहर म्हणजे चढा स्वर.

आज पुष्कळांना डीव्हीडीऐवजी फोनवर चालणारी एमपी-फोर फाईल हवी असते. तेथे ४४,१०० हा दर चालतो, पण अडचण निराळी असते. व्हिडिओ सीडीतील आवाज 'एमपी-टू' या पद्धतीने संक्षिप्त केलेला असतो. ही पद्धत अनेक फोनना समजत नाही. अशा वेळी आवाज 'एएसी' पद्धतीत आणावा लागतो. थोडक्यात, आवाज गेला की दोन प्रश्न विचारावेत: दर कोणता? पद्धत कोणती?

प्रत्यक्ष काम करताना आम्ही तीन गोष्टी पाळायला सांगू. तबकडीवरील 'डॅट' फाईल आधी संगणकावर उतरवून तशीच जपावी, कारण प्रत्येक नव्या संक्षेपात आवाजाचा थोडा तपशील गळतो. नंतर एफएफएमपेगसारख्या मोफत साधनाने रूपांतर करावे; डीव्हीडीसाठी चित्राला हात न लावता फक्त आवाज बदलावा. शेवटी नक्कल सुरुवातीला, मध्यावर आणि अखेरीस तपासावी. अधिक माहिती बसवण्यासाठी व्हिडिओ सीडीत चूकदुरुस्तीची जादा सोय वगळलेली असते. त्यामुळे ओरखड्याच्या जागी काही भाग गळतो आणि पुढे ओठ व शब्द यांचा मेळ सुटू शकतो. हा मेळ अखेरपर्यंत टिकला, तरच नक्कल पुरी झाली असे समजावे. मूळ तबकडी मात्र त्यानंतरही टाकून देऊ नये.