मूसची शिकार आणि मैत्रिणीची सोबत

शिकार म्हटली की आपल्या डोळ्यांपुढं काय उभं राहतं? वाघाच्या पाठीवर बुटाचा पाय ठेवून मिशीला पीळ देणारे संस्थानिक, आणि दिवाणखान्याच्या भिंतीवरची ती काचेच्या डोळ्यांची मुंडकी! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडचा तो षोक संपत गेला, आणि ते बरंच झालं. पण मैत्रिणींनो, आज मी तुम्हांला ज्या शिकारीला नेणार आहे, तिच्यात षोक थोडा आणि स्वयंपाकघर जास्त आहे. म्हणून तर या पानांत तिला जागा!

जायचं आहे अलास्कात, फेअरबँक्स शहराच्या आसपास, तानाना नदीच्या मुलखात. महिना जानेवारीचा. पारा शून्याच्या खाली तीस अंश. आणि शिकार मूसची.

मूस म्हणजे जगातलं सर्वांत मोठं हरीण. खांद्यापाशी सहा फूट उंच, आणि अलास्कातला पूर्ण वाढलेला नर साडेपाचशे ते सातशे किलोंचा. हिवाळ्यात गवत बर्फाखाली गेलं की हे धूड विलो आणि बर्च झाडांच्या कोवळ्या काटक्या ओरबाडून जगतं. अशा मोठ्या नरापासून सव्वादोनशे किलोंच्या आसपास मांस मिळतं. आपण गृहिणी, हिशेब लगेच करतो. घरात रोज किलोभर शिजवलं, तरी साडेसात महिने चिंता नाही! ज्या गावांना रस्ता नाही, जिथं दुकानातला माल विमानानं येतो आणि त्याची किंमत ऐकून छातीत धस्स होतं, तिथं या हिशेबाला किती मोल असेल, तुम्हीच सांगा.

आता समजा, तुम्ही तिथल्याच आहात. परवाना हातात आहे आणि बरोबर एक जिवाभावाची मैत्रीण. (हो, तिथं बायकाही बंदूक घेऊन निघतात.) एकटीनं जाऊन चालायचं नाही, हे आधी लक्षात घ्या. एकेक मागची तंगडी गव्हाच्या पन्नास किलोंच्या पोत्याएवढी जड. ती उचलायला दुसरे दोन हात हवेतच. शिवाय त्या थंडीत नाकाचा शेंडा पांढरा पडू लागला, तर तो आपला आपल्याला दिसत नाही. सोबतीणच सांगते, "अगं, नाक झाक!"

निघण्यापूर्वीची तयारी लोणच्याच्या तयारीसारखी, एक वस्तू विसरली की सगळं बिघडलं. कपडे एकावर एक, पण घाम येईल इतके नाहीत. घामानं ओला झालेला कपडा त्या थंडीत वैऱ्यासारखा. बंदुकीतलं जादा तेल पुसून काढायचं, नाहीतर ते घट्ट होऊन चाप अडकतो. सुऱ्या, दोर, सुती पिशव्या, थर्मास, काड्यापेटी. मग स्नोमशीन, म्हणजे बर्फावरून पळणारी फटफटीच म्हणा ना, आणि तिच्यामागं बांधलेली स्लेज.

डिसेंबरअखेरीस तिथं दिवस जेमतेम पावणेचार तासांचा. जानेवारीत थोडा वाढतो, तरी महिन्याच्या मध्यापर्यंत दुपारी चारला सूर्य मावळलेलाच. म्हणजे उजेडाची उधळपट्टी करून चालत नाही. विलोच्या झुडपांत काटक्या ताज्या कुरतडलेल्या दिसतात, बर्फात खोल पावलं दिसतात. आणि दूर, नदीच्या पलीकडं, एक मूस उभं. तुम्ही बंदूक वर करता, तोच मैत्रीण हातावर हात ठेवते. "नको. तिथं पडलं तर आणणार कसं? मधला बर्फ पातळ आहे."

बंदूक खाली येते. हातची शिकार गेली म्हणून मन खट्टू होतं खरं. पण जे घरी आणता येणार नाही ते मारायचं नाही, हा तिथला पहिला धडा. दुसरा धडा परवान्याचा. नर मारायची मुभा आहे की मादीचीही, ते नीट वाचून निघावं लागतं, कारण हिवाळ्यात नरांची शिंगं गळून पडतात आणि लांबून नर-मादी ओळखणं अवघड होतं.

आणखी दोन तासांनी, अलीकडच्याच काठावर, वाटेपासून हाकेच्या अंतरावर दुसरं मूस मिळतं. एक गोळी, आणि सगळं शांत. झाली का शिकार? छे, खरं काम आता सुरू. त्या जाड कातड्याखाली अंगाची ऊब कोंडून राहते आणि बाहेर कितीही थंडी असली तरी हाडाजवळचं मांस नासू शकतं. म्हणून कातडं आधी सोडवायचं. उलट फार वेळ काढला, तर सगळं गोठून दगड! एकीनं पाय धरायचा, दुसरीनं सुरी चालवायची. बोटं बधिर झाली की जनावराच्याच उबेत शेकायची. ऐकायला कसंतरी वाटतं ना? पण तिथं ती ऊब बोटं वाचवते.

कायदाही कडक आहे. मान, छाती, फासळ्या, पुढचे-मागचे पाय, पाठीचं मांस, खाण्याजोगं सगळं घरी आणलंच पाहिजे. सगळं मांस बाहेर काढल्याशिवाय शिंगं हलवायची नाहीत. आणि हे मांस विकायचं तर मुळीच नाही. खायचं नाहीतर वाटायचं.

घरी आल्यावर तुमचं-आमचं राज्य. मुसच्या मांसात चरबी फार कमी, म्हणून मंद आचेवर झाकून शिजवायचं. खिमा केला तर वरून थोडी चरबी घालायची. तुकडे धाग्यांच्या आडवे कापायचे. फ्रीझरमध्ये ठेवताना हवा राहणार नाही असं गुंडाळायचं आणि पुडीवर कोणता भाग नि कोणती तारीख ते लिहायचं. (ही सवय आपल्यालाही लावून घ्यायला हरकत नाही!) त्या मुलखातल्या अथाबास्कन लोकांच्या बायका मांसाच्या पट्ट्या धुरावर सुकवतात, डोक्याचं सूप करतात आणि कातडं कमावून त्याचे हातमोजे नि बूट शिवतात. वर मण्यांचं नाजूक भरतकाम.

आणि वाटा? तो सर्वांत महत्त्वाचा. म्हाताऱ्या माणसांच्या घरी आधी पोचवायचा. मुलानं किंवा मुलीनं आयुष्यातली पहिली शिकार केली, तर ती सगळीच वाटून टाकायची रीत आहे. शेतातलं नवं पीक आधी देवापुढं नि शेजारी देणाऱ्या आपल्या आजीला हे सांगावं लागलं नसतं.

या मांसावरून एकदा मोठा खटलाही झाला. १९७५ मध्ये मिंटो गावात एक तरुण वारला. अथाबास्कन लोकांत मृताच्या नावानं जेवण घालतात, त्याला पॉटलॅच म्हणतात. गेलेल्या माणसाबरोबरचं गावाचं ते शेवटचं जेवण, आणि त्यात मूसचं मांस हवंच. पण तेव्हा शिकारीचा हंगाम नव्हता. तरी गावच्या पुरुषांनी टोळ्या करून एक मूस मारलं, आणि ते वाहून नेल्याबद्दल एकावर गुन्हा दाखल झाला, शिक्षाही झाली. तो वरच्या कोर्टात गेला. १९७९ मध्ये अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा रद्द केली. त्यांच्या धर्माचरणाला हे मांस आवश्यक आहे, असं न्यायालयानं मान्य केलं. तेराव्याचं पान वाढलेल्या आपल्या बायकांना ते जेवण किती मोठं असतं, हे समजावून सांगायला नको.

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, असं म्हणणाऱ्या भगिनी वाचतावाचता नाक मुरडत असतील. मुरडा बापड्यांनो! शिकार करा असं मी कुणाला सांगत नाही. फक्त एवढं पाहा, की नदीपलीकडचं ते पहिलं मूस अजून काटक्या खात उभं आहे. आणि दुसऱ्याचा शेवटचा वाटा घेऊन त्या दोघी अंधारात शेजारच्या म्हातारीचं दार ठोठावताहेत.