जळालेल्या प्रतींचा हिशेब

लक्सरजवळ, नाईलच्या पश्चिम तीरावर, तूतनखामेनची कबर शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टरचं जुनं घर आहे. त्या घराशेजारी २०१४ साली त्याच कबरीतल्या दफनकक्षाची हुबेहूब प्रतिकृती लोकांसाठी खुली झाली. खडकात खोदलेली मूळ कबर तिथून फार लांब नाही, तरीही इजिप्तने ही प्रतिकृती उभारली, कारण रोज आत शिरणाऱ्या माणसांच्या श्वासाची वाफ आणि अंगावरची धूळ त्या भिंतींना सोसत नव्हती. या प्रतिकृतीपाशी मूळ कबरीत नसलेली एक गोष्टही पाहायला मिळते. दफनकक्षात वाट काढताना दक्षिणेकडच्या भिंतीचा एक चितारलेला भाग कार्टरच्या माणसांनी काढला आणि पुढे त्याचा ठावठिकाणा राहिला नाही. हॅरी बर्टनने त्या काळी घेतलेल्या छायाचित्रांवरून तो भाग पुन्हा तयार करण्यात आला. म्हणजे चित्राचा तो तुकडा पाहायचा असेल तर मूळ कबरीत जाऊन उपयोग नाही, प्रतीकडेच जावं लागतं. अजिंठ्याबद्दल मला नेमकं हेच म्हणायचं आहे. आपण प्रतींना दुय्यम मानत आलो, म्हणून त्या सांभाळल्या नाहीत. ज्या वाचल्या त्याही आपल्या डोळ्यांआड आहेत, आणि त्यांची सगळी कसर मूळ भिंतींना भरून काढावी लागते आहे.

इजिप्तच्या थडग्यांची तुलना अजिंठ्याशी करणं ओढूनताणून केलेलं नाही. दोन्हीकडे डोंगर कोरला, खडबडीत दगडावर गिलावा चढवला आणि तो सुकल्यावर चिकट माध्यमात कालवलेले रंग लावले. ओल्या चुन्यात रंग मुरवण्याची युरोपीय भित्तिचित्रांची रीत इथेही नव्हती आणि तिथेही नव्हती. अजिंठ्याचा गिलावा मातीचा, भाताच्या तुसाचा आणि वनस्पतींच्या धाग्यांचा. वर पांढऱ्या लेपाचा पातळ थर, त्यावर गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि अफगाणिस्तानातून आलेला निळा लाजवर्द. असा रंग दगडाला धरून नसतो, मातीच्या पापुद्र्याला धरून असतो. ओल आली की पापुद्रा सुटतो आणि गिलाव्यातल्या तुसावर किडे पोसतात. इजिप्तच्या राणी नेफरतारीच्या कबरीत पाण्याने क्षार वर आणले आणि त्यांच्या स्फटिकांनी चित्रं आतून फोडली. अजिंठ्यात ते काम पावसाने, वाघूर नदीच्या खोऱ्यातल्या दमट हवेने, वटवाघळांनी आणि माणसांनी केलं.

माणसांनी केलेलं नुकसान सर्वांत लाजिरवाणं आहे. १८१९ साली ब्रिटिश लष्करी अधिकारी जॉन स्मिथने दहाव्या लेण्याच्या खांबावर नाव कोरलं, हे सर्वांना माहीत आहे. त्याच्यामागून आलेल्या हौशी लोकांनी भिंतींवरचे चेहरेच सोलून नेले. जेम्स बर्ड या डॉक्टरने काही आकृती अशाच काढल्या आणि त्यांचा चुरा झाला. अशा वातावरणात मद्रास लष्करातला रॉबर्ट गिल १८४४ साली प्रती करण्याच्या कामावर नेमला गेला. गिल आणि पारो यांची गोष्ट महानोरांच्या कवितेमुळे आणि पुढे नितीन देसाईंच्या चित्रपटामुळे मराठी वाचकाला पाठ आहे, म्हणून ती इथे सांगत नाही. तिच्याबद्दल तक्रार एवढीच, की प्रेमकथेच्या झगमगाटात माणसाचं काम दिसेनासं झालं. गिलने वर्षानुवर्षं खपून तैलरंगात केलेले भव्य कॅनव्हास लंडनला गेले, क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगले गेले आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत मोजके सोडून सगळे जळाले. अनेक चित्रांची दुसरी प्रतच नव्हती. मधल्या वर्षांत भिंतीवरून जे निसटलं, ते त्या आगीत कायमचं गेलं.

या आगीमुळेच मुंबईतून दुसरा प्रयत्न सुरू झाला, आणि माझ्या मते अजिंठ्याच्या आधुनिक इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं आणि सर्वांत कमी आठवलं जाणारं प्रकरण तेच आहे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधला जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत हिवाळ्यांत विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात राहिला. मुंबईत ही मुलं ग्रीक पुतळ्यांचे प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून चित्रकला शिकत होती. इथे अंधाऱ्या विहारात त्यांच्यापुढे पंधराशे वर्षांपूर्वीची रेषा आली, छायाप्रकाशाच्या युरोपीय हिशेबात न बसणारी, हाताच्या एका वळणात बोटांचं सगळं मार्दव पकडणारी. भिंती, खांब आणि छताचे चौकोन असं सगळं त्यांनी उतरवलं. पहिल्या आणि दुसऱ्या लेण्याच्या छतांवरची फळं, हंस, कमळं आणि बुटक्या गणांच्या आकृती आज मान मोडून, मंद उजेडात पाहाव्या लागतात. या कॅनव्हासांवर त्या डोळ्यांच्या उंचीवर येतात. पेस्तनजी बोमनजी याच चमूतला. पुढे तो नावाजलेला चित्रकार झाला. बाकीचे विद्यार्थी मात्र विस्मरणात गेले. १८९६-९७ साली दोन मोठ्या खंडांचा ग्रंथ निघाला, त्यावर नाव ग्रिफिथ्सचं आहे. ग्रिफिथ्सचं श्रेय मोठंच, पण भारतीय चित्रकारांनी भारतीय चित्रपरंपरेशी पुन्हा ओळख करून घेण्याची सुरुवात शोधायची तर बंगालच्या चित्रकारांच्या आधी या मुंबईच्या मुलांपाशी थांबावं लागेल. कलेच्या इतिहासात हा मान बहुधा १९०९ ते १९११ दरम्यान इंग्रज चित्रकार लेडी हेरिंगहॅमबरोबर आलेल्या नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार यांना दिला जातो. तो क्रम मला मान्य नाही.

या प्रतीही आगीतून सुटल्या नाहीत. १८८५ च्या जूनमध्ये साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाला आग लागली आणि शंभराच्या आसपास कॅनव्हास नष्ट झाले. पुढच्या शतकात जपानी चित्रकारांनी केलेल्या प्रतीही १९२३ च्या भूकंपात गेल्या. ग्रिफिथ्सच्या चमूचे दीडशेहून अधिक कॅनव्हास मात्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये टिकून आहेत. जिथे भिंतीवर आता फक्त मातीचा डाग उरला आहे, तिथे काय होतं हे त्यांतले काही कॅनव्हास सांगतात.

यावर पहिला आक्षेप मोठा आहे आणि तो टाळता येत नाही. प्रती करणाऱ्यांनीच भिंती बिघडवल्या. रंग उजळून दिसावेत म्हणून ग्रिफिथ्सच्या काळात चित्रांवर व्हार्निश फासलं गेलं. ते पिवळं पडलं, त्याला तडे गेले आणि सुटताना त्याने रंगही ओढला. निझामाने १९२० साली बोलावलेल्या चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी सुटलेला गिलावा घट्ट बसवला, हे त्यांचं उपकाराचं काम. पण त्या काळातला लाखेचा लेप काढण्यात पुरातत्त्व खात्याच्या रसायनशास्त्रज्ञांची पुढे बरीच वर्षं गेली. इजिप्तमध्येही हेच घडलं. इटालियन शोधक बेल्झोनीने १८१७ साली फॅरो सेती पहिल्याची कबर शोधली, भिंतींवर ठसे घेतले आणि त्या ठशांबरोबर रंग निघून आला. त्याच ठशांवरून केलेली प्रतिकृती त्याने १८२१ मध्ये लंडनला गाजवली. हे सगळं खरं असलं तरी हा आक्षेप स्पर्श करून घेतलेल्या प्रतीवर आहे. आज स्कॅनर भिंतीला हात न लावता मिलीमीटरहून बारीक खाचखळगा टिपतो. जुन्या पद्धतीच्या पापाचं प्रायश्चित्त म्हणून नव्या पद्धतीचा फायदा नाकारणं मला पटत नाही.

दुसरा आक्षेप मनाचा आहे: मूळ ते मूळ, देवळाच्या फोटोला दर्शन म्हणत नाहीत. मीही मूळ भिंतीला प्रमाणच मानतो. प्रश्न आहे तो कोणी, किती वेळा आणि किती वेळ तिच्यापुढे उभं राहावं याचा. सुट्टीच्या दिवशी पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वासमोर माणसाला काय मिळतं? पुढच्याची पाठ, मागच्याचा रेटा आणि पहारेकऱ्याची घाई. चेहऱ्यावरची रेषा पाहायला लागणारी दहा शांत मिनिटं तिथे नसतात. चांगल्या प्रतीसमोर असू शकतात. फ्रान्सने आदिम चित्रांची लास्कोची गुहा १९६३ मध्ये बंद केली आणि १९८३ मध्ये प्रतिकृती उघडली, तेव्हा लोक पाठ फिरवतील असं म्हटलं गेलं. लोक आले आणि येत राहिले.

तिसरा आक्षेप न्यायाचा आहे आणि मला तो सर्वांत जास्त बोचतो. मर्यादा घातली की मूळ चित्रं पैसेवाल्यांपुरती उरतात. नेफरतारीची कबर १९९५ मध्ये दिवसाला दीडशे माणसांसाठी उघडली होती. पुढे तिचं तिकीट बहुतेक थडग्यांच्या कितीतरी पट महाग झालं. यावर उतारा स्पेनमध्ये सापडतो. तिथे आल्तामिराच्या गुहेत २०१४ पासून आठवड्याला पाच जण सोडण्याची पद्धत सुरू झाली आणि ते पाच जण सोडतीने निवडले गेले. पैशाऐवजी चिठ्ठीने माणसं निवडली तर जळगावच्या शाळेतल्या मुलीला आणि परदेशी पाहुण्याला सारखीच संधी मिळते.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. फर्दापूरजवळच्या पर्यटक केंद्रात पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या आणि सतराव्या लेण्याच्या प्रतिकृती उभारल्या गेल्या, त्यावर भरपूर खर्च झाला आणि केंद्र थकलेल्या बिलांपायी बंद पडलं. हे प्रतिकृतींचं अपयश म्हणून मोजलं जातं. मला ते देखभालीचं अपयश वाटतं, शिवाय जागेचंही. मूळ लेणी पुढ्यात असताना लोक प्रतिकृतीसाठी थांबतील ही अपेक्षाच कच्ची होती. प्रतिकृती जिथे माणसं आहेत तिथे हवी. नवी मुंबईतल्या जुईनगरच्या शाळेतल्या मुलाला अजिंठा पाहायचा तर ठाण्याहून रात्रीची गाडी, जळगाव, मग पुन्हा साठ किलोमीटर आणि खर्च परवडला तरच सहल. त्याच्या घरापासून दोन स्थानकांवर वाशीला सिडकोचं प्रदर्शन केंद्र आहे. तिथे सोळाव्या लेण्यातली मरणासन्न राजकन्या आणि पहिल्या लेण्याचं छत पूर्ण आकारात उभं राहणं आजच्या तंत्राला अवघड नाही. त्यासाठी लंडनमधल्या कॅनव्हासांचे उच्च दर्जाचे स्कॅन राज्य सरकारने रीतसर मागावेत, भिंतीवरचं आजचं चित्र आणि जे. जे.च्या चमूने केलेली प्रत शेजारी शेजारी लावावी, आणि कॅनव्हासवर किंवा संस्थेच्या कागदपत्रांत जिथे सापडेल तिथे, ते चित्र रंगवणाऱ्या विद्यार्थ्याचं नाव ग्रिफिथ्सच्या नावाच्या आधी लिहावं.